पंधरा वर्षांच्या दोन गाड्या, एक नियम: मोडीत कोणती काढायची? (प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी एक धर्मादाय संस्था छोटे रुग्णालय चालवते आणि आसपासच्या तालुक्यांत आरोग्य शिबिरे घेते. २०२३ च्या पावसाळ्यात संस्थेपुढे तिच्या वाहनांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. त्या निर्णयप्रक्रियेत मी विश्वस्तांना तांत्रिक बाजू समजावून देण्याचे काम करत होतो. संस्थेची आणि व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत आणि व्यवहाराच्या रकमा ठोकळ स्वरूपात दिल्या आहेत.

संस्थेकडे तीन गाड्या होत्या आणि तिन्ही पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी वापराच्या. पहिली नऊ आसनी डिझेल गाडी २००८ च्या नोव्हेंबरमध्ये याच जिल्ह्यात नोंदवलेली होती. शिबिरांचे सगळे काम तिच्यावर चालायचे आणि ती वर्षाला साधारण २४ हजार किलोमीटर धावायची. दुसरी छोटी पेट्रोल मोटार त्याच हिवाळ्यात पुण्यात नोंदवलेली होती आणि नंतर एका देणगीदाराने ती संस्थेला दिली होती. बँक, औषधांचे दुकान, बसस्थानक अशा गावातल्या कामांत तिचे वर्षाचे जेमतेम ३ हजार किलोमीटर व्हायचे. तिसरी, २०१२ ची डिझेल व्हॅन, रुग्णालयाचे सामान आणि कर्मचारी यांची ने-आण करायची आणि वर्षाला सुमारे १५ हजार किलोमीटर चालायची.

पहिल्या दोन गाड्यांचे वय एकच असले तरी त्या एका मानकाच्या नव्हत्या, आणि पुढची सगळी चर्चा या एका गोष्टीवर फिरली. वाहनाने किती प्रदूषण करावे याची मर्यादा ठरवणारी भारत स्टेज (बीएस) मानके, ज्यांत आकडा जितका मोठा तितकी मर्यादा कडक, आपल्याकडे देशभर एकाच दिवशी लागू होत नसत. २००५ साली पुण्या-मुंबईसह मोठ्या शहरांत बीएस-३ आले, तेव्हा उर्वरित देशात बीएस-२ लागू झाले. २०१० मध्ये तेरा शहरांत बीएस-४ आले आणि बाकी ठिकाणी बीएस-३. बीएस-४ देशभर लागू व्हायला एप्रिल २०१७ उजाडला. त्यानंतर बीएस-५ वगळून थेट बीएस-६ वर जाण्याचा निर्णय झाला आणि ते मानक एप्रिल २०२० पासून संपूर्ण देशात एकदमच लागू झाले. या इतिहासामुळे पुण्यात नोंदवलेली पेट्रोल मोटार बीएस-३ होती, जिल्ह्यात नोंदवलेली डिझेल गाडी बीएस-२ होती आणि तिच्यानंतर चार वर्षांनी घेतलेली व्हॅन बीएस-३ होती. आरसी बुकात नोंदणीची तारीख ठळक असते आणि मानकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विश्वस्तांचेही गेले नव्हते.

समस्या

दोन गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी काही आठवड्यांच्या अंतराने संपणार होती. विश्वस्तांपैकी बहुतेकांची समजूत अशी होती की पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते. ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती चुकीची आहे. केंद्राचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाले. ते खासगी वाहनांच्या बाबतीत ऐच्छिक आहे आणि वयापेक्षा तंदुरुस्तीच्या चाचणीवर आधारलेले आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण न करण्याचा नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाला तो सरकारी, निमसरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वाहनांना. दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल वाहने रस्त्यावरून हटवण्याचे आदेश न्यायालयीन होते आणि ते त्या भागापुरतेच होते. आमच्या संस्थेला यांपैकी काहीच लागू नव्हते. तिला हवे तर दोन्ही गाड्यांचे रिपासिंग (तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण) करून पाच वर्षे चालवता आल्या असत्या.

कायद्याने सक्ती नसली तरी प्रश्न खरा होता. डिझेल गाडी शिबिराच्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या आवारात बाह्यरुग्ण विभागाच्या खिडक्यांपासून काही फुटांवर उभी राहायची, आणि सामान चढेपर्यंत तिचे इंजिन चालू असायचे. त्याच खिडक्यांच्या आत दम्याचे रुग्ण वाफ घेत बसलेले असायचे. भिंतीचा तेवढा पट्टा काळवंडला होता. तो दरवर्षी रंगवला जायचा आणि दरवर्षी पुन्हा काळा पडायचा.

संस्थेच्या ज्येष्ठ डॉक्टर असलेल्या विश्वस्त बाईंनी गाडीची पीयूसी चाचणी आपल्या डोळ्यांसमोर करवून घेतली. केंद्रावरच्या मुलाने एक्झॉस्टच्या नळीत प्रोब घातला, चालकमामांनी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, सोडला, पुन्हा दाबला. पडद्यावर धुराच्या घनतेचा आकडा मर्यादेच्या आत आला आणि प्रमाणपत्र छापून निघाले. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल वाहनांना ही मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके (धुराच्या गडदपणाचे माप) आहे आणि बीएस-४ वाहनांना ५०.

"मामा, गाडी पास झाली म्हणजे धूर कमी आहे असं म्हणायचं का?" बाईंनी विचारले.

"बाई, कालच फिल्टर बदललाय आणि पंप सेट करून आणलाय. आज पास होणारच. पण शिबिराच्या घाटात माणसं भरून चढताना मागं बघा एकदा."

चालकमामांनी सांगितले ते तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. पीयूसीची डिझेल चाचणी उभ्या गाडीच्या धुराचा गडदपणा मोजते. नायट्रोजनची ऑक्साइडे ती मोजतच नाही, आणि फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजनही तिच्यातून कळत नाही. ओझे घेऊन चढ चढताना इंजिन काय बाहेर टाकते, याचा तिच्याशी संबंध नसतो. गाडी पीयूसीला पास झाली म्हणजे ती तिच्या जुन्या मानकाच्या मानाने फार बिघडलेली नाही एवढेच सिद्ध होते, आणि बीएस-२ हे मानकच मुळात सैल होते. त्यामुळे पीयूसीच्या आधाराने कोणती गाडी ठेवायची हे ठरवणे शक्य नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय दोन्ही गाड्यांचे रिपासिंग करण्याचा होता. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले आहे. त्यात महाराष्ट्राचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी पेट्रोल गाडीला ३ हजार आणि डिझेल गाडीला ३ हजार ५०० रुपये. म्हणजे दोन्ही गाड्या मिळून साडेसोळा हजारांत पाच वर्षांची सोय होत होती. रोख खर्चाच्या दृष्टीने याहून स्वस्त काहीच नव्हते. जिथे वर्षाला २४ हजार किलोमीटर धावणारी बीएस-२ गाडी साडेआठ हजार रुपयांत आणखी पाच वर्षे चालवता येते, तिथे शुल्कवाढ हा जुनी गाडी काढून टाकण्याचा पुरेसा दबाव ठरत नाही, असे माझे मत आहे.

दुसरा पर्याय कोषाध्यक्षांनी मांडला आणि पहिल्या बैठकीत तोच जवळपास मंजूर झाला होता. त्यांनी दोन्ही गाड्यांचे बाजारभाव आणि स्क्रॅप केंद्राचे भाव मागवले होते. नऊ आसनी डिझेल गाडीला ग्रामीण भागात मोठी मागणी असते. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने तिला सव्वा लाखाच्या आसपास भाव सांगितला, तर स्क्रॅप केंद्राने वजनावर भाव काढून चाळीस हजारांच्या आत. पेट्रोल मोटारीला मात्र बाजारातही फारसा भाव नव्हता, त्यामुळे विकली काय आणि मोडीत दिली काय, फरक थोडासाच पडत होता. यावरून कोषाध्यक्षांचा प्रस्ताव तयार झाला: डिझेल गाडी विकावी, पेट्रोल मोटार मोडीत काढावी, तिच्यावर मिळणारे ठेव प्रमाणपत्र (गाडी अधिकृत केंद्रात मोडीत दिल्याचा दाखला) दाखवून नव्या गाडीच्या करात सवलत घ्यावी. हिशेबात या प्रस्तावात एकही खोट नव्हती आणि कोषाध्यक्ष म्हणून त्यांनी जे करायला हवे तेच केले होते.

पण त्याचा परिणाम काय झाला असता? संस्थेच्या तीन गाड्यांपैकी सर्वांत कमी प्रदूषण करणारी गाडी सरकारी सवलतीच्या मदतीने नष्ट झाली असती, आणि सर्वांत जास्त प्रदूषण करणारी गाडी रिपासिंग होऊन शेजारच्या तालुक्यात प्रवासी भरून रोज धावली असती. रुग्णालयाची भिंत पांढरी राहिली असती, पण धूर दुसऱ्या गावच्या शाळेपुढे गेला असता.

तिसरा पर्याय दोन्ही गाड्या मोडीत काढून दोन नव्या घेण्याचा होता. तेवढा निधीच नसल्याने तो लगेच मागे पडला. जुन्या डिझेल इंजिनाला सीएनजीवर नेण्याची सूचनाही एका विश्वस्तांनी केली होती, पण इंजिनातच मोठे बदल आणि मग त्याची आरटीओ मंजुरी असा तो मार्ग असल्याने पंधरा वर्षांच्या गाडीवर तेवढा खर्च करण्यात अर्थ नव्हता. विजेवरच्या गाडीचा विचार शिबिरांच्या अंतरांमुळे आणि त्या गावांत चार्जिंगची सोय नसल्यामुळे पुढे ढकलला.

चौथा पर्याय कोषाध्यक्षांच्या प्रस्तावाच्या नेमका उलटा होता: डिझेल गाडी मोडीत काढायची आणि पेट्रोल मोटारीचे रिपासिंग करायचे.

निर्णयाचा गाभा: हिशेब कशाचा करायचा

दुसऱ्या बैठकीपूर्वी मी तिन्ही गाड्यांचा एक साधा हिशेब मांडून दिला. प्रत्येक मानकात मोटारीने एका किलोमीटरमागे किती ग्रॅम प्रदूषक सोडावे याची कमाल मर्यादा दिलेली असते, तिला वर्षाच्या किलोमीटरने गुणायचे. रस्त्यावरचे प्रत्यक्ष उत्सर्जन मर्यादेपेक्षा बरेच वेगळे असू शकते आणि जुन्या डिझेल गाड्यांत ते सहसा जास्तच असते. शिवाय नऊ आसनी गाडीला लागू असलेल्या मर्यादा छोट्या मोटारीहून सैल होत्या. तरीही मी तिला छोट्या मोटारीचीच मर्यादा लावली, म्हणजे हिशेब तिच्या बाजूने झुकलेला राहिला.

बीएस-२ डिझेल मोटारीला हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइडे मिळून किलोमीटरमागे ०.७० ग्रॅम आणि कणांची ०.०८ ग्रॅम मर्यादा होती. २४ हजार किलोमीटरला हे वर्षाचे १६.८ किलो आणि १.९ किलो होते. बीएस-३ पेट्रोल मोटारीला हायड्रोकार्बन ०.२० आणि नायट्रोजन ऑक्साइडे ०.१५ ग्रॅम, म्हणजे ३ हजार किलोमीटरला दोन्ही मिळून एक किलोच्या किंचित वर. बीएस-३ डिझेल व्हॅनला ०.५६ आणि ०.०५ ग्रॅम, म्हणजे १५ हजार किलोमीटरला ८.४ किलो वायू आणि पाऊण किलो कण.

आता प्रत्येक गाडीच्या जागी त्याच इंधनाची बीएस-६ गाडी आणली तर काय वाचते ते पाहू. डिझेल गाडीच्या जागी बीएस-६ डिझेल आली तर मर्यादा ०.१७ ग्रॅमवर आणि कणांची ०.००४५ ग्रॅमवर येते. वायूंचे १६.८ किलो चारवर येतात आणि कण १.९ किलोवरून सुमारे १०० ग्रॅमवर येतात. पेट्रोल मोटार बदलली तर वर्षाला जेमतेम अर्धा किलोच्या आसपास वाचते. म्हणजे एकाच वयाच्या दोन गाड्यांत एक मोडीत काढण्याचा फायदा दुसरीच्या वीसपटीहून अधिक होता. शिवाय २०१२ ची व्हॅन, जिच्याबद्दल कोणी बोलतही नव्हते कारण तिची नोंदणी २०२७ पर्यंत होती, या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होती.

हे आकडे पाहिल्यावर चर्चा बदलली, पण मतभेद मिटले नाहीत. कोषाध्यक्षांचा मुद्दा असा होता की हवा स्वच्छ करण्याचा खर्च संस्थेने का सोसावा. बाजारभाव आणि स्क्रॅपचा भाव यांत ऐंशी-पंच्याऐंशी हजारांचा फरक होता आणि तो देणगीदारांचा पैसा होता. हा आक्षेप गंभीर होता, म्हणून सवलती नेमक्या किती हे तपासले. केंद्राच्या ऑक्टोबर २०२१ च्या नियमानुसार ठेव प्रमाणपत्रावर खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. ही झाली कमाल मर्यादा, प्रत्यक्ष टक्केवारी राज्य ठरवते. नव्या गाडीचा एकरकमी कर एक लाख असेल तर पूर्ण सवलत मिळूनही २५ हजारच वाचतात. नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते, पण ती रक्कम किरकोळ आहे. उत्पादकांनी प्रमाणपत्रावर ५ टक्के सूट द्यावी असे धोरणात सुचवले होते, सक्ती नव्हती. आमच्या वितरकाने त्या मॉडेलवर अशी सूट नाही असे स्पष्ट सांगितले. (प्रमुख उत्पादकांनी प्रवासी वाहनांवर १.५ टक्के किंवा २० हजार रुपये यांपैकी कमी असेल ती सूट जाहीर केली ती पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये.) धोरणात स्क्रॅपचा भाव नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरला आहे. आमच्या गाडीला तेवढाही मिळत नव्हता.

सगळ्या सवलती एकत्र केल्या तरी बाजारभावाशी असलेली तफावत भरून निघत नव्हती. ज्या जुन्या गाडीला बाजारात मागणी आहे तीच बहुधा जास्त धावणारी असते, आणि तिच्याच बाबतीत सवलत तोकडी पडते. जिला कोणी विचारत नाही अशी गाडी मात्र सवलतीसाठी आपोआप पुढे येते. सवलत गाडीच्या मानकाशी आणि वापराशी जोडली नाही तर हे असेच होत राहणार, याची मला या प्रकरणानंतर खात्री वाटते. इतर काही देशांच्या योजनांतही वय हीच मुख्य अट ठेवल्याचे दिसते. जर्मनीने २००९ मध्ये नऊ वर्षांवरील मोटार मोडीत काढून नवी घेणाऱ्याला २ हजार ५०० युरो दिले आणि योजना काही महिन्यांतच निधी संपून बंद झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या योजनेने मात्र मुख्य अट इंधनाच्या वापराची ठेवली होती, आणि जमा झालेल्या गाडीच्या इंजिनात सोडियम सिलिकेटचे द्रावण घालून ते कायमचे निकामी करणे बंधनकारक केले होते, म्हणजे ती गाडी दुसऱ्या दाराने पुन्हा रस्त्यावर येण्याची वाटच बंद.

अखेर डॉक्टर बाईंनी एक तोडगा मांडला. गाडी विकली तर तिच्या धुराची किंमत रुग्ण मोजतील, फक्त ते आपल्या नोंदवहीतले नसतील, आणि आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने तो हिशेब टाळू नये, असे त्यांचे म्हणणे होते. विक्री न केल्याने होणारी तूट "आरोग्य शिबिरे" या शीर्षाखाली उघडपणे दाखवावी आणि वार्षिक अहवालात देणगीदारांना तिचे कारण सांगावे, हेही त्यांनी सुचवले. कोषाध्यक्षांनी ते मान्य केले, कारण खर्च लपवला जाणार नव्हता. वाहन ही जंगम मालमत्ता असल्याने विश्वस्त मंडळाचा ठराव पुरेसा होता. डिझेल गाडी मोडीत, पेट्रोल मोटारीचे रिपासिंग आणि शिबिरांसाठी एक नवी बीएस-६ गाडी असा ठराव झाला.

अंमलबजावणी

ठराव सोपा होता, अडचण कागदपत्रांत निघाली. स्क्रॅप केंद्राने गाडीचा क्रमांक ऑनलाइन प्रणालीत टाकताच दोन गोष्टी आडव्या आल्या. काही जुनी ई-चलने थकलेली होती, ती लगेच भरली. दुसरी गोष्ट चिवट होती: २००८ साली घेतलेल्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच होता. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटले होते, पण बोजा उतरवण्याचा अर्ज त्या वेळी कोणी आरटीओत दिलाच नव्हता, आणि कर्ज देणारी पतसंस्था मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. ना-हरकत पत्र मिळवण्यात इतका वेळ गेला की तोवर नोंदणीची मुदत संपली.

मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. स्क्रॅप केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात होते. त्यामुळे गाडी ट्रकवर चढवून न्यावी लागली आणि त्या वाहतुकीत स्क्रॅपच्या रकमेचा लक्षणीय भाग गेला. दरम्यानच्या शिबिरांसाठी भाड्याची गाडी घ्यावी लागली, तो खर्च वेगळा.

केंद्रावरचे काम मात्र व्यवस्थित झाले. गाडी चोरीची नाही याची पडताळणी झाली, मग बॅटरी काढली, इंजिन तेल, ब्रेक ऑइल, कूलंट आणि एसीतला वायू वेगवेगळे काढून घेतले. चासी क्रमांकाचा पत्रा कापून वेगळा ठेवला. हा तुकडा केंद्राला सहा महिने जपून ठेवावा लागतो. भंगार बाजारात गाडी दिली असती तर तेल जमिनीत मुरले असते, चासी क्रमांक दुसऱ्या गाडीवर गेला असता तरी कळले नसते, आणि संस्थेच्या नावावरची नोंदणीही कायम राहिली असती. पैसे बँक खात्यात आले, ठेव प्रमाणपत्र मिळाले, पुढे गाडी मोडल्याचे प्रमाणपत्र आणि नोंदणी रद्द झाल्याची नोंद दिसू लागली. ती नोंद ऑनलाइन तपासून तिची छापील प्रत दप्तरी ठेवली.

पेट्रोल मोटारीच्या रिपासिंगपूर्वी तिचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासून घेतला आणि टायर नवे घातले. मोटार वाहन निरीक्षकांची तपासणी झाली, पाच वर्षांची नोंदणी मिळाली. ठरावात एक अट घातली होती: ही गाडी गावाबाहेर न्यायची नाही आणि वर्षाला ५ हजार किलोमीटरच्या वर चालली तर ती ठेवण्याचा पुनर्विचार करायचा.

नवी गाडी कोणत्या इंधनाची, यावर थोडक्यात चर्चा झाली. सीएनजीच्या टाकीमुळे सामानाची जागा जात होती. शिबिरांचे मार्ग लांबचे आणि चढाचे असल्याने डिझेलवर एकमत झाले. बीएस-६ डिझेल गाडीत कण अडवणारा फिल्टर असतो आणि साचलेली काजळी जाळून तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने चालावी लागते, हे वितरकाने सांगितले होते. चालकमामांना मात्र ते कोणी नीट समजावून दिले नव्हते.

निष्पत्ती

नवी गाडी आल्यावर सामान चढवताना इंजिन बंद ठेवण्याचा नियम झाला आणि गाडी उभी करण्याची जागा खिडक्यांपासून दूर हलवली. या दोन गोष्टींना एक रुपयाही लागला नाही.

काही महिन्यांनी नव्या गाडीच्या डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला. व्हॅन दुरुस्तीला गेली असताना नवी गाडी गावातल्या छोट्या फेऱ्यांना वापरली जात होती. दोन किलोमीटर जायचे, थांबायचे, परत यायचे, अशाने फिल्टरमध्ये काजळी साचत गेली आणि जळायला वाव मिळाला नाही. महामार्गावर सलग चालवल्यावर दिवा गेला. त्यानंतर कामांची वाटणी पक्की झाली: लांबच्या फेऱ्या नव्या डिझेल गाडीला, गावातल्या छोट्या फेऱ्या जुन्या पेट्रोल मोटारीला. जी गाडी पहिल्या प्रस्तावानुसार भंगारात जाणार होती तिच्यामुळे नव्या गाडीचा फिल्टर टिकला.

आर्थिक बाजूने संस्थेला तोटा झाला. बाजारभाव सोडून दिल्याची तफावत, वाहतुकीचा आणि भाड्याच्या गाडीचा खर्च मिळून तो अपेक्षेपेक्षा जास्त होता, आणि करसवलतीने त्याचा छोटा भागच भरून निघाला. अहवालात हे सगळे छापले गेले आणि त्यावर आक्षेप आला नाही.

मधल्या काळात नियमांची दिशाही थोडी सरकली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींच्या नूतनीकरणाचे शुल्क १० हजार रुपये झाले, म्हणजे वयाचा निकष आणखी कडक झाला. दुसरीकडे, दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्या गाड्यांच्या मालकांना कारवाईपासून दिलेले संरक्षण डिसेंबर २०२५ मध्ये बीएस-४ आणि त्यापुढच्या वाहनांपुरते मर्यादित केले. वयाऐवजी मानकाकडे पाहण्याचे हे पाऊल मला योग्य वाटते, जरी त्यात वापराचा विचार अजून नाही.

वेगळे काय करता आले असते

कागदपत्रांची तपासणी नोंदणी संपण्याच्या किमान वर्षभर आधी व्हायला हवी होती. कर्ज फिटल्यावर बोजा उतरवणे हे पंधरा मिनिटांचे काम वाटते म्हणून राहून जाते, आणि गाडी विकताना किंवा मोडीत काढताना तेच सर्वांत महाग पडते. नोंदणी वैध असताना स्क्रॅप केंद्राचा भाव घेतला असता तर गाडी चालवत नेता आली असती. शिवाय भाव एकाच केंद्राकडून न मागवता दोन-तीन ठिकाणांहून मागवायला हवा होता. वजनाचा दर आणि ने-आणीचा खर्च केंद्रागणिक बदलतो.

प्रदूषणाचा हिशेब पहिल्या बैठकीतच समोर असता तर कोषाध्यक्षांचा प्रस्ताव त्या रूपात आलाच नसता आणि दोन गट पडले नसते. हा हिशेब करायला तज्ज्ञ लागत नाही: गाडी कुठे आणि कधी नोंदवली यावरून मानक कळते, ओडोमीटरवरून वर्षाचे किलोमीटर, आणि मर्यादांचे आकडे सार्वजनिक आहेत. चालकमामांना पहिल्या दिवसापासून बैठकीत बसवायला हवे होते. घाटातल्या धुराबद्दल आणि कोणती गाडी कशी वापरली जाते याबद्दल सर्वांत नेमकी माहिती त्यांच्याकडे होती, आणि फिल्टरचा प्रश्नही त्यांना आधी सांगितला असता तर उद्भवला नसता.

एका मुद्द्यावर विश्वस्तांत आजही दोन मते आहेत. काहींना वाटते की डिझेल गाडी विकून आलेल्या जास्तीच्या पैशांत व्हॅनही लवकर बदलता आली असती. मला हे पटत नाही, कारण विकलेली गाडी बंद पडत नाही, फक्त तिच्या धुराची जागा बदलते. पण निधी तुटपुंजा असलेल्या संस्थेसाठी हा युक्तिवाद सहज बाजूला सारण्यासारखा नाही, आणि सवलतीची रक्कम बाजारभावाच्या जवळ असती तर तो निर्माणच झाला नसता.

व्हॅनबद्दल ठराव झालेला आहे: २०२७ ची वाट पाहायची नाही. तिच्या आरसीवरचा बोजा उतरवून घेतला आहे, थकलेली चलने भरली आहेत आणि दोन केंद्रांचे भाव मागवले आहेत. नव्या गाडीच्या रकमेतला निम्म्याहून अधिक भाग अजून जमायचा आहे. तो जमताच, नोंदणी वैध असतानाच, चालकमामा ती चालवत केंद्रावर नेऊन देणार आहेत.